दोन बंद इंजिनांतून एक चालू इंजिन : काय जुळवावे, काय जुळवू नये

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु जांभ्या दगडाची आणि उताराची जमीन हे पाणी धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर पऱ्यांची धार बारीक होऊ लागते आणि मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारावरील नव्या कलमांना पाणी कसे द्यावे, हा प्रश्न उभा राहतो. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना १९९० साली सुरू झाली. त्यानंतर कोकणात वरकस जमिनीवर आंबा व काजूची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. यांपैकी बऱ्याच बागा विजेच्या खांबापासून दूर आहेत. लागवडीनंतरची पहिली तीन वर्षे कलमाला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. तिसऱ्या वर्षी कलम मेले तर त्याच्या किमतीबरोबर तीन वर्षांची मेहनतही जाते.

दुसरीकडे गावोगाव जुनी ऑईल इंजिने पडून आहेत. विहिरीवर वीज आली तेव्हा बाजूला काढलेले एखादे इंजिन मांगरात असते. बंद पडलेल्या भातगिरणीचे एखादे असते. एकाचा क्रँक शाबूत असतो पण हेड तडकलेले असते, तर दुसऱ्याचे हेड चांगले पण सिलिंडर झिजलेला असतो. "दोन्ही मिळून एक इंजिन उभे राहील का?" असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. याचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र भाग नावाने न जुळवता मापाने जुळवले पाहिजेत, आणि जुळवणीची सुरुवात इंजिनापासून न करता पाण्यापासून केली पाहिजे. प्रस्तुत लेखक कृषिविद्या शिकवतो, इंजिनाचा कारागीर नाही. त्यामुळे या लेखात पान्याच्या कौशल्यापेक्षा शेतकऱ्याने स्वतः घ्यावयाचे निर्णय आणि त्यामागची कारणे यांवर भर दिला आहे.

पाण्याची गरज आधी काढावी

पडलेले इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, हे पाहून पंप घेतला जातो आणि मग पाणी कुठवर चढते ते पाहिले जाते. हा क्रम उलटा करावा.

एक उदाहरण घेऊ. १० × १० मीटर अंतरावर हेक्टरी १०० कलमे बसतात. दोन हेक्टरांत २०० कलमे झाली. एका पाळीला प्रत्येक कलमास ३० लिटर पाणी धरले तर ६,००० लिटर लागतात. आठवड्यातून दोन पाळ्या दिल्यास १२,००० लिटर होतात. पऱ्यातील पाणी पंपाच्या ४ मीटर खाली आहे, बागेच्या माथ्यावरील टाकी पंपापासून २५ मीटर उंच आहे आणि मध्ये ६३ मि.मी. बाह्य व्यासाचा २०० मीटर पाईप आहे, असे समजू. सेकंदाला ३ लिटर पाणी न्यावयाचे तर अशा पाईपमध्ये घर्षणामुळे साधारण ६ मीटर उंची आणखी खर्च होते. म्हणजे एकूण उंची ४ + २५ + ६ = ३५ मीटर झाली.

आता अश्वशक्ती काढू. सेकंदाला येणारे लिटर गुणिले एकूण उंची भागिले ७५, हे पाण्याला प्रत्यक्ष लागणारे बळ. ३ × ३५ ÷ ७५ = १.४ अश्वशक्ती. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर २.८ अश्वशक्ती लागेल. पट्ट्यातील सुमारे १० टक्के घट धरता ३.१ होईल. जुन्या इंजिनाला नेहमी पूर्ण ताकदीने राबवू नये, म्हणून पाव हिस्सा राखीव ठेवला तर सुमारे ३.९ अश्वशक्ती होते. म्हणजे ५ अश्वशक्तीचे जुने इंजिन थोडे उतरलेले असले तरी या बागेला पुरेल.

याहून महत्त्वाचा आकडा तासांचा आहे. १२,००० लिटर पाणी सेकंदाला ३ लिटर या वेगाने ६७ मिनिटांत चढते. डिसेंबर ते मे असे २६ आठवडे धरले तरी हंगामात इंजिन सुमारे ३० तासच चालेल. याउलट नारळ-सुपारीच्या बागायतीत ते रोज दोन तास याप्रमाणे १५० दिवस चालवले तर ३०० तास होतात, म्हणजे दहापट.

यावरून पहिला निर्णय घेता येतो. हंगामात ३०-४० तास चालणारे इंजिन जुळवाजुळवीचे असले तरी चालेल. त्याने गरज पडेल तेव्हा सुरू व्हावे आणि कोणाला इजा करू नये, एवढे पुरे. रोज राबणाऱ्या बागायतीला मात्र असे इंजिन डिझेल आणि दुरुस्ती या दोन्हींत महाग पडेल. तेथे वीज किंवा सौर पंप यांचा विचार आधी करावा. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे पाण्याची गरज डिसेंबर ते मे या निरभ्र महिन्यांतच असते, ही गोष्ट सौर पंपाला अनुकूल आहे.

आपल्याकडील इंजिन कोणत्या घराण्याचे?

आपल्या भागात सापडणारी जुनी एक-सिलिंडरची इंजिने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात.

पहिला प्रकार मंदगती इंजिनांचा. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास आणलेल्या इंजिनाचा हा नमुना. त्याच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर ११४.३ मि.मी. व्यासाचा, पिस्टनची धाव १३९.७ मि.मी. आणि गती मिनिटाला ६५० फेऱ्या अशी मापे होती. पुढे या धर्तीची इंजिने राजकोटच्या अनेक लहान कारखान्यांत बनू लागली. भातगिरणीत ऐकू येणारा संथ ठोका याच इंजिनांचा.

दुसरा प्रकार १,५०० फेऱ्यांच्या इंजिनांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे एव्ही-१ हे इंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्याचा सिलिंडर ८० मि.मी., धाव ११० मि.मी. आणि शक्ती ५ अश्वशक्ती. त्याचाच मोठा भाऊ टीव्ही-१. त्याचा सिलिंडर ८७.५ मि.मी., धाव तीच ११० मि.मी. आणि शक्ती ७ अश्वशक्ती.

नुसत्या नजरेने पाहणारा येथेच फसतो. धाव सारखी म्हणून ही दोन इंजिने एकच वाटतात. पण ८० मि.मी. पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ.सें.मी. आणि ८७.५ मि.मी.चे ६० चौ.सें.मी. भरते. तेवढ्याच दाबाला मोठा पिस्टन कनेक्टिंग रॉडवर आणि क्रँकवर २० टक्के जास्त जोर टाकतो. मंदगती इंजिनांत फसगत वेगळ्या तऱ्हेने होते. एकाच नावाने विकला जाणारा भाग दोन कारखान्यांचा असेल तर दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक असू शकतो. म्हणून पहिला नियम असा की, दोन्ही इंजिने एकाच घराण्याची, एकाच मापाची आणि शक्य तर एकाच कारखान्याची असावीत. मंदगती व १,५०० फेऱ्यांच्या इंजिनांचे आतले भाग कधीही एकत्र करू नयेत.

भागांचे तीन गट

दोन्ही इंजिने खोलून, धुऊन भाग पोत्यावर मांडावेत आणि त्यांचे तीन गट करावेत.

(१) जोडी मोडू नये असे भाग : कनेक्टिंग रॉड व त्याची टोपी एकत्र बांधूनच भोक पाडलेले असते. एकाची टोपी दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही आणि बेअरिंग जळते. दोहोंवर सारखे आकडे ठोकलेले असतात, ते पाहावेत. फ्युएल पंपाचा प्लंजर व त्याची नळी, नोझलची सुई व तिचे घर यांतील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. या जोड्या आहेत तशाच घ्याव्यात, किंवा नव्या घ्याव्यात. क्रँक व कॅम यांचे दातेही एकमेकांवर घासून बसलेले असतात, तेही एकाच इंजिनातले ठेवावेत.

(२) मापून जुळवावयाचे भाग : ब्लॉक, क्रँक, लायनर, पिस्टन, रिंगा, हेड, गव्हर्नरची स्प्रिंग आणि फ्लायव्हील. यांची अदलाबदल होऊ शकते, पण मायक्रोमीटर, फिलर गेज व डायल गेज यांनी माप घेतल्यावरच. ही साधने नसतील तर भाग घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जावे. बंदरालगत बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडेही मापे घेण्याची सवय व साधने असतात.

(३) खुशाल बदलावयाचे भाग : डिझेलची टाकी, सायलेन्सर, हवेची गाळणी, थंड पाण्याची टाकी, स्टँड, नट-बोल्ट. यांतही गाळणी वगळू नये. जांभ्याची तांबडी धूळ हवेबरोबर आत गेली तर नवा लायनर एका हंगामात जुना होतो.

तपासणी क्रँकपासून सुरू करावी. क्रँकवर ओरखडे असतील तर तो घासून घ्यावा लागतो आणि मग त्याच मापाची, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मि.मी. कमी मापाची बेअरिंगे बसवावी लागतात. क्रँक वाकलेला, तडकलेला किंवा पूर्वीच शेवटच्या मापापर्यंत घासलेला निघाला तर पुढचा खर्च करू नये. तड पाहण्याची सोपी रीत आहे. भागाला रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. तड असेल तेथे मुरलेले तेल खडूत उमटून रेघ दिसते. हेड व ब्लॉक यांचीही अशीच परीक्षा करावी.

पिस्टन घेताना धातूही पाहावा. जुन्या मंदगती इंजिनांत बिडाचे पिस्टन असत. आता ॲल्युमिनियमचे मिळतात. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. बिडाच्या पिस्टनला शोभणारी फट ॲल्युमिनियमच्या पिस्टनला ठेवली तर तो ऐन भारात लायनरमध्ये धरतो. शिवाय पिस्टनचे वजन बदलले की इंजिनाचा तोल बदलतो आणि स्टँड हादरू लागते. रिंगेची तोंडे लायनरमध्ये बसवून फिलर गेजने मोजावीत. १०० मि.मी. व्यासाला ०.३ ते ०.४ मि.मी. असा ढोबळ हिशेब आहे. पिस्टन, रिंगा व लायनर यांचा नवा संच एकत्र घेणे हाच बहुधा शहाणपणाचा खर्च ठरतो.

एका मिलिमीटरचा फरक

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की, फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून दाबाचे प्रमाण बिघडले की इंजिन सुरूच होत नाही. दोन इंजिनांचे भाग जोडताना हे प्रमाण नकळत बिघडते.

एव्ही-१ चा पिस्टन एका धावेत सुमारे ५५३ घ.सें.मी. हवा सरकवतो. दाबाचे प्रमाण साधारण १६.५ असते, म्हणजे पिस्टन पूर्ण वर असताना उरलेली जागा सुमारे ३६ घ.सें.मी. असते. आता वेगळ्या उंचीचा पिस्टन, जाड गास्केट किंवा घासलेला ब्लॉक यांमुळे पिस्टन व हेड यांतील अंतर फक्त १ मि.मी.ने वाढले असे समजा. ५० चौ.सें.मी. क्षेत्रावर १ मि.मी. म्हणजे ५ घ.सें.मी. जागा वाढली. आता प्रमाण १४.६ वर येते. असे इंजिन पौष-माघातील थंड सकाळी हँडल मारून मारून दमवते, पांढरा धूर ओकते आणि पेट घेत नाही. दोष नोझलला दिला जातो, पण खरा दोष गास्केटच्या जाडीत असतो. उलट हेच अंतर कमी झाले तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला आपटतो.

हे अंतर मोजण्यासाठी मऊ शिशाच्या तारेचा तुकडा पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हची जागा सोडून, ठेवावा. हेड बसवून नट ठरल्याप्रमाणे आवळावेत आणि फ्लायव्हील हाताने एक फेरा सावकाश फिरवावे. हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. ती त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराएवढी असावी. फरक असेल तर योग्य जाडीचे गास्केट वा शिम घालून दुरुस्त करावा.

अर्ध्या थेंबाचा हिशेब

चांगल्या स्थितीतील जुने डिझेल इंजिन ताशी प्रति अश्वशक्ती सुमारे १८५ ग्रॅम डिझेल घेते असे धरू. ५ अश्वशक्तीला ९२५ ग्रॅम, म्हणजे साधारण १.१ लिटर. १,५०० फेऱ्यांचे चार धावांचे इंजिन मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा डिझेल फवारते. भागाकार केला तर प्रत्येक फवाऱ्याला ०.०२५ घ.सें.मी. डिझेल येते. पाण्याच्या एका थेंबाच्या हे निम्मे झाले.

६५० फेऱ्यांच्या ६ अश्वशक्ती इंजिनात तासाला १९,५०० फवारे होतात आणि प्रत्येकात सुमारे ०.०६९ घ.सें.मी. डिझेल जाते. म्हणजे पावणेतीन पट. मंदगती इंजिनाचा फ्युएल पंप १,५०० फेऱ्यांच्या इंजिनाला जेमतेम बसवला तर काय होईल, हे यावरून ध्यानात येईल. गव्हर्नर बिनभाराने ते काही काळ सांभाळून घेतो. पण भार येताच काळा धूर येतो, डिझेल वाया जाते आणि न जळलेले डिझेल लायनरवरचे तेल धुऊन काढते. म्हणून फ्युएल पंप त्याच इंजिनाचा आणि त्याच अश्वशक्तीचा असावा. फवाऱ्याची वेळ फ्लायव्हीलवरील खुणेप्रमाणे लावावी.

नोझलची तपासणी चाचणी-यंत्रावरच करून घ्यावी. शेतात नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात पुढे धरू नये. या इंजिनांत डिझेल दर चौ.सें.मी.ला सुमारे २०० किलो दाबाने बाहेर पडते आणि ते कातडी भेदून आत शिरते. अशी जखम टाचणीएवढी दिसली तरी त्वरित दवाखान्यात जावे.

फ्लायव्हीलबाबत तडजोड नको

ज्या भागाच्या चुकीने माणूस दगावू शकतो असा हा भाग आहे. बिडाच्या फ्लायव्हीलच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटरच्या आत असावा, असा जुना संकेत आहे. ६०० मि.मी. व्यासाचे चाक ६५० फेऱ्यांना फिरते तेव्हा कडेचा वेग २० मीटर असतो. तेच चाक १,५०० फेऱ्यांच्या इंजिनावर चढवले तर तो ४७ मीटर होतो. चाकातील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे येथे तो पाचपटीहून अधिक होईल. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे मांगराची भिंत फोडून जातात. मंदगती इंजिनाचे फ्लायव्हील दुसऱ्या प्रकारच्या इंजिनावर कधीही लावू नये. तडकलेले फ्लायव्हील वेल्डिंग करूनही वापरू नये.

फ्लायव्हीलचे भोक आणि क्रँकचे टोक यांचा निमुळतेपणा जुळला पाहिजे. टोकाला निळा रंग लावून चाक बसवून काढावे. रंग सर्वत्र सारखा उठला तर ठीक, एकाच कडेला उठला तर लेथवर दुरुस्ती करावी. पत्र्याची पट्टी ठोकून ढिलेपणा घालवू नये. गव्हर्नरची स्प्रिंगही त्याच गतीच्या इंजिनाची हवी. ताठ स्प्रिंग बसवली तर इंजिन ठरल्यापेक्षा जास्त पळते.

पंप व पुली

इंजिन उभे राहिले आणि पाणी चढले नाही, अशी तक्रार बहुधा गतीच्या गोंधळातून येते. पंपाची गती बदलली की पाणी त्याच प्रमाणात बदलते, उंची वर्गाने आणि लागणारी शक्ती घनाने बदलते. वरील उदाहरणात ३५ मीटर उंचीचा पंप २,९०० फेऱ्यांचा आहे आणि तो १,५०० फेऱ्यांच्या इंजिनाला सरळ जोडला असे समजा. तो जेमतेम ९ मीटर उंची देईल. टाकी तर पाण्यापासून २९ मीटर वर आहे. अशा वेळी इंजिन कितीही उत्तम असले तरी पाणी वर जाणार नाही.

येथे पट्टा व पुली लागते. इंजिनाच्या फेऱ्या गुणिले तिची पुली बरोबर पंपाच्या फेऱ्या गुणिले त्याची पुली, हे सूत्र आहे. पंपावर १०० मि.मी.ची पुली असेल तर इंजिनावर १९३ मि.मी.ची लागेल. ६५० फेऱ्यांच्या इंजिनावर मात्र ४४६ मि.मी.ची लागेल. एवढ्या मोठ्या पुलीवरून लहान पुलीला पट्टा पुरेसा कवटाळत नाही आणि घसरतो, म्हणून मध्ये दुसरा शाफ्ट घ्यावा लागतो. जास्त पाण्याच्या आशेने पंपाची गती वाढवू नये. गती १० टक्के वाढवली तर शक्ती ३३ टक्के जास्त लागते. पट्ट्यावर जाळी बसवावी. लुंगी, पदर, टॉवेल यांना पट्टा क्षणात ओढून घेतो.

पंप पाण्याच्या ६ मीटरपेक्षा उंच ठेवू नये. पाणी खाली गेले म्हणून काही जण पंप व इंजिन दोन्ही विहिरीत उतरवतात. डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो आणि विहिरीत हवा खेळत नाही. चालू इंजिन विहिरीत कदापि ठेवू नये, आणि तेथे उतरलेला माणूस बेशुद्ध दिसल्यास दुसऱ्याने तसेच खाली उतरू नये.

प्रथम चालवताना

तेल योग्य खुणेपर्यंत भरावे, जास्त भरू नये. डिझेलच्या नळीतील हवा काढावी. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून फ्लायव्हील हाताने किमान चार फेरे फिरवावे आणि कोठे अडते का ते पाहावे. पट्टा न लावता सुरू करावे. गती वाढतच गेली तर डिझेल बंद करून हवेच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबावी. ही फळी आधीच जवळ ठेवावी, हात लावू नये. पाच मिनिटांनी बंद करून बेअरिंगच्या जागा तापल्या आहेत का ते पाहावे. इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळावेत.

नव्या रिंगा बसण्यासाठी पहिले सुमारे २० तास इंजिनावर पाऊण भारापेक्षा जास्त भार टाकू नये. पंपाच्या वरच्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा बंद ठेवला की भार आपोआप कमी होतो. त्यानंतर तेल बदलावे. थंड करणारे पाणी इंजिनातून बाहेर पडताना साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस असावे. पंपाचेच थंडगार पाणी जोराने आतून फिरवले तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही आणि लायनर लवकर झिजतो. खाडीकाठचे मचूळ पाणी इंजिनात घालू नये. पिंपभर गोडे पाणी फिरते ठेवावे.

धुराचा रंगही बरेच सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळते आहे, आणि पांढरा म्हणजे दाब कमी आहे किंवा आत पाणी शिरते आहे.

खर्चाचा ताळा

भाग खोलून मापे घेतल्यावर, पण एकही नवा भाग विकत घेण्यापूर्वी, कागदावर चार रकमा लिहाव्यात : क्रँक व इतर लेथकाम, पिस्टन-लायनर-रिंगांचा संच, फ्युएल पंप व नोझलची दुरुस्ती, आणि बेअरिंग, गास्केट, तेल व मजुरी. ही बेरीज त्याच अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर जुळवाजुळव सोडून द्यावी आणि चांगले भाग विकून टाकावेत. तसेच क्रँक, ब्लॉक व फ्लायव्हील या तिन्हींपैकी एकही भाग दोन्ही इंजिनांत मिळून निर्दोष निघाला नाही, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बचत करावयाची ती स्टँड, टाकी, सायलेन्सर, पुली यांत करावी. फ्युएल पंप, बेअरिंग आणि मापे घेण्याची मजुरी यांत करू नये.

पावसाळ्यात जपणूक

हंगामात ३० तास चालणारे इंजिन उरलेला सगळा काळ उभे असते. कोकणच्या दमट व खाऱ्या हवेत ते चालून झिजण्यापेक्षा उभे राहून अधिक गंजते. मे अखेर शेवटची पाळी झाली की, इंजिन गरम असताना जुने तेल काढून नवे भरावे. ब्लॉक व पंपातील सर्व पाणी सोडून द्यावे. टाकी डिझेलने भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून फ्लायव्हील हाताने फिरवावे आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील अशा बेताने, दाबाच्या धावेच्या शेवटी पिस्टन वर ठेवावा. सायलेन्सर व हवेच्या तोंडाला प्लास्टिक बांधावे. पट्टा उतरवून घरात ठेवावा. नोव्हेंबरमध्ये प्लास्टिक सोडून, इंजिन आधी हाताने फिरवून मगच हँडल मारावे.

या कामाला फार भांडवल लागत नाही, मात्र एक वही जरूर ठेवावी. कोणता भाग कोणत्या इंजिनातून घेतला, त्याचे माप काय, गास्केट किती जाडीचे घातले, किती तास चालले आणि किती डिझेल लागले, हे तिच्यात लिहावे. दोन इंजिनांतून उभ्या केलेल्या इंजिनाला कारखान्याची पुस्तिका पूर्णपणे लागू पडत नाही, म्हणून पुढे बिघाड झाल्यास कारागिराला ही वहीच उपयोगी पडेल. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच हे काम पुरे करावे. ऐन एप्रिलमध्ये इंजिन खोलून बसल्यास कलमे तोवर वाट पाहणार नाहीत.